जमेची बाजू

ऐरोली. बत्तीस बिऱ्हाडं, एक लिफ्ट,
आणि खजिनदार मी,
कारण त्या दिवशी दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

वहीत आजवर लिहिलं ते सगळं खर्चाचंच:
पंपाचं बेअरिंग, टाकीची सफाई,
कबुतरांसाठी जाळी, मग जाळीत अडकलेल्या कबुतरासाठी माणूस.
आणि बँकेत सात लाख चाळीस हजार,
गाढ झोपलेले,
वर्षातून एकदा कूस बदलून साडेसहा टक्के पुटपुटणारे.

मी म्हटलं, उठवूया त्यांना. गच्चीवर नेऊ.

सभेला वेफर्स आले, चहा आला, बावीस माणसं आली.
तळमजल्याचे कुरियन म्हणाले,
माझ्या खिडकीत ऊन येतच नाही, मग पैसे माझे का?
सातव्या मजल्याच्या सुलभाताई म्हणाल्या,
माझ्याच तर डोक्यावर पडतं, मला भाडं द्या.
कुणीतरी मागून:
शेजारी टॉवर उठतोय चौदा मजली,
सावलीचा करार कोण करणार?

समीर जगदाळे, जो शेअर बाजारात असतो
जसं एखादं माणूस दवाखान्यात असतं,
म्हणाला, थांबा. पॅनेल अजून स्वस्त होतील.
तो तीन वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता
आणि खरं सांगायचं तर
बरोबर ठरला होता.

मग मी वीजबिलाची मागची बाजू वाचून दाखवली,
जी कुणी वाचत नाही:
दुपारचं युनिट उतरलंय, संध्याकाळचं चढलंय.
उन्हाची आवक वाढली म्हणजे असंच होणार,
वाशीच्या मार्केटात टोमॅटोचं होतं तसं.
आणि आपण दुकान मांडणार
नेमकं दुपारी.
जगदाळे हसला. मीच त्याच्या बाजूने बोलत होते.

तेव्हा उठले चौथ्या मजल्याचे पोसू घरत.
मुलाच्या घरी राहतात, सभासदही नाहीत,
वेफर्ससाठी येतात असं आम्ही धरून चाललो होतो.
उभं आयुष्य मिठागरात गेलं, जासईच्या बाजूला.

"बाय, ऊन आमी गोनीन भरून इकलंय.
कोंडीन पानी घ्यायचा न गप बसायचा.
भाव कंदीच आमच्या हातान नव्हता.
यापारी दारान आला का पडायचा,
गेला का चढायचा.
पन भाव पडला म्हनून
कोंडी रिकामी नाय ठेवली कोनी."

कुरियन बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत होते.
ठराव तेरा विरुद्ध नऊ.

ऑक्टोबरात काचा चढल्या. वाळवणाच्या दोऱ्या
दोन हात सरकल्या, त्यावरून एक भांडण झालं.
मीटर उलटं फिरतं म्हणून मुलं बघायला आली,
आकड्यापुढची वजाबाकीची खूण बघून
निराश होऊन परत गेली.
त्यांना काहीतरी गरगरायला हवं होतं.

डिसेंबरात युनिटं घटली.
कंपनीचा पोरगा टॅबलेट घेऊन आला,
म्हणाला, धूळ असेल, किंवा थंडीचं ऊनच कमी, किंवा धूर.
घरत वर गेले, गुडघ्यावर हात ठेवत, पायरी पायरी.
काचेवरून बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.

"खारा हाय," म्हणाले.

खाडीवरून रात्री वारा येतो,
कुणी बोलावत नाही त्याला,
बारीक बारीक ठेवून जातो काहीतरी.
म्हाताऱ्याच्या तोंडावर मी पहिल्यांदाच
ओळखीचं माणूस भेटल्यासारखं काही पाहिलं.

आता ते आठवड्यातून दोनदा चढतात, ऊन यायच्या आधी.
तापल्या काचेवर पाणी मारायचं नाही, म्हणतात, तडकते.
पगार देऊ केला, नको म्हणाले.
जगदाळे जिन्यात गाठून विचारतो,
संध्याकाळसाठी बॅटरी घ्यायची का, की थांबायचं?
मला माहीत नाही.

वहीत या महिन्याला जमेच्या बाजूला
पहिल्यांदा काही लिहिता आलं.
आणि समोर, खर्चात:
फडकी, चार नग. बादली, एक.
पोसू घरत यांच्या सांगण्यावरून.